नानांच्या पसंतीची जागा

एक दिवस कुठेतरी पथारी टाकायची, एक वेळ जेवायचं आणि परत निघायचं, त्यात निवडायचं ते काय, असं तुम्ही म्हणाल. ज्यांनी आमच्या नानांबरोबर परगावी पाऊल टाकलेलं नाही त्यांनीच असं म्हणावं. धुळ्यात एका दुपारभर त्या माणसाने मला जितकं फिरवलं, तितकी मी लग्नाच्या वरातीतसुद्धा फिरले नव्हते.

नाना म्हणजे माझे मालक, नाव एकदाच घेते, अभिमन. धरणगावाकडच्या आमच्या खेड्यात लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नसल्यामुळे मीही दुसऱ्यांशी बोलताना नानाच म्हणते. कापसाची शेती, गावात मान, आणि गळ्यात तुळशीची माळ. एदलाबादला मुक्ताईच्या देवळात त्यांनी ती घातली त्याला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती. तेव्हापासून कांदा नाही, लसूण नाही, परक्याच्या हातचं पाणी नाही. बाजाराला गेले तरी माझ्या हातची भाकरी फडक्यात बांधून. सोयरीक जमवायला गेले तर लोकांच्या ओसरीवर बसून स्वतःची दशमी सोडायचे आणि यजमानीण बिचारी तोंडात मारल्यासारखी बघत राहायची.

अशा माणसाच्या पोटी तोताराम. आमचा एकुलता एक. शाळेत चार बुकं जास्त शिकला, गांधी टोपी घालायला लागला, आणि बत्तीस सालच्या उन्हाळ्यात धुळ्याला जाऊन दारूच्या दुकानापुढे आडवा पडला. मोहाची दारू विकू देणार नाही म्हणाला. पोलिसांनी उचलला, नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली. गावात बातमी आली तेव्हा नाना चावडीवर बसलेले. चार माणसांदेखत बोलून गेले, मला मुलगा नाही. ते बोलले आणि माझ्या घरातली बोलणीच संपली. खटल्याला गेले नाहीत, तुरुंगात भेटीला गेले नाहीत, मला जाऊ दिलं नाही. मी चुलीपुढे बसून रडायचे आणि हे बाहेर ओसरीवर जप करायचे. किती वेळा वाटलं, ती माळ हिसकून विहिरीत टाकावी.

मग पौषात तोताचं कार्ड आलं. मला वाचता येत नाही. नानांनीच वाचून दाखवलं, तेही भिंतीकडे तोंड करून. त्यात लिहिलं होतं की सुटकेचा दिवस ठरला आहे. बरोबर हिलाल नावाचा सोबती सुटतो आहे, शिरपूरकडच्या डोंगरातला भिल्ल, जंगल सत्याग्रहात धरलेला, त्याला न्यायला कोणी येणार नाही. घरी येऊन गावापुढे नानांची अडचण करायची नाही. पण नाना धुळ्याला आले तर तिथेच कुठेतरी जागा बघावी, जिथे हिलाललाही आत घेतात अशी, आणि एकदा सगळ्यांनी एका पंगतीला बसून जेवावं. ते जमत नसेल तर आपण दुपारच्या मोटारीने शिरपूरकडे निघून जाऊ. तिकडे काम आहे. मग पुन्हा भेट केव्हा होईल ते सांगता येणार नाही.

ऐकलं ना? एक जेवण. ते झालं तर मुलगा आपला, नाही झालं तर गेला डोंगरात. मला तेवढंच कळलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

नाना तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दशम्या कर. धुळ्याला जायचं आहे." मी विचारलं, पंगतीचं काय? म्हणाले, "जागा चांगली मिळाली की सगळं होतं." माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं संसार करूनही मी किती भोळी, बघा.

एरंडोलहून सर्व्हिस मोटारीने पारोळ्यावरून आम्ही सुटकेच्या आदल्या दिवशी दुपारी धुळ्याला उतरलो. माझ्याजवळ पिठाची पिशवी, वांगी, तवा, आणि तोतासाठी एक घोंगडी. मोटार अड्ड्यावर अमीन नावाचा टांगेवाला भेटला. पन्नाशीचा, दाढीला मेंदी लावलेला. दारूच्या दुकानापुढे धरलेला मुलगा सुटतो आहे, उद्या सकाळी तुरुंगाच्या फाटकावर जायचं आहे आणि आज मुक्कामाला जागा पाहिजे, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, पाच मिनिटांत नेतो." बिचाऱ्याला नानांची ओळख नव्हती.

पहिली जागा गल्ली नंबर चारमधली खाणावळ. शेणाने सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन, आतून तुपाचा वास. नाना खूश. म्हणाले, "जागेला जागेपण पाहिजे, ते इथे आहे." आत पाय टाकणार तोच मालक आडवा आला. पाटीवर बोट ठेवून म्हणाला, "ब्राह्मणांसाठी आहे. तुमचं पान बाहेर ओट्यावर लागेल." नाना माळ दाखवायला लागले. मालक म्हणाला, "माळ असू द्या हो, ओटाही स्वच्छ आहे." नाना लालबुंद झाले. टांग्यात बसल्यावर गल्ली संपेपर्यंत त्यांची बडबड चालू होती. माणसाला माणूस समजत नाहीत, ओट्यावर बसवतात म्हणजे काय, आम्ही काय चोर आहोत का. मी म्हटलं, "हिलाललाही असंच वाटत असेल." तर म्हणाले, "त्याचं वेगळं आहे." काय वेगळं आहे ते मात्र सांगितलं नाही.

दुसरी जागा नदीकाठची धर्मशाळा. मोठी कमान, आत पिंपळ, ओवऱ्या, भजन चाललेलं. नानांचा चेहरा उजळला. मुनीम वही घेऊन बसलेला. विचारलं, किती जण? नाना म्हणाले, "आम्ही दोघं, मुलगा आणि मुलाचा मित्र." मुनीम म्हणाला, "मित्र कोणता?" नाना म्हणाले, "शिरपूरकडचा." मुनीम म्हणाला, "शिरपूरकडचा कोण?" आता माळकरी माणूस खोटं कसं बोलणार? नाना वर पिंपळाकडे बघत राहिले. मुनिमाने वही मिटली. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "तशी ओवरी दमटच होती."

मग सुरू झालं खरं दळण. एका जागी खिडकी नाही. पोराने नऊ महिने भिंती बघितल्या, त्याला बाहेर बघायला काहीतरी पाहिजे. एका जागी खिडकी होती, पण ती उघडायची कत्तलखान्याकडे. एका जागी मालकाच्या तोंडात तंबाखू. एका जागी सगळं ठीक, हिलालचंही कोणी विचारलं नाही, तर म्हणे जागेत काही जीव नाही, स्टेशनातल्या खोलीसारखी वाटते. मी म्हटलं, "अहो, जेवायला बसायचं आहे की जागेशी लग्न लावायचं आहे?" अमीन पुढे तोंड करून हसला. नानांनी त्याला विचारलं, "तुझा घोडा एवढ्यात दमला का?" अमीन म्हणाला, "घोडा नाही दमला, नाना. घोड्याला सगळ्या जागा पसंत आहेत."

माझ्या तर नाकी नऊ आले होते. पाय सुजलेले, पोटात काही नाही. नाना जेवल्याशिवाय मी जेवायची नाही, आणि नाना जागा मिळाल्याशिवाय दशमी सोडणार नव्हते.

उन्हं कलायला लागली तेव्हा अमीनने आम्हाला आग्रा रोडवरच्या एका नव्या लॉजिंगपाशी नेलं. मी सांगते, तसली जागा मी जन्मात बघितली नव्हती. दारांना लाल-निळ्या काचा, जिन्याला नक्षी, दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा, कोपऱ्यात फोनो. वरच्या गच्चीतून पांझरा दिसायची, आणि नदीपलीकडचे मळे. कोट घातलेला मॅनेजर हात जोडून उभा. नाना झोपाळ्यावर बसले, एक झोका घेतला आणि लहान मुलासारखे म्हणाले, "ही जागा. तोताला हीच आवडेल." मी मॅनेजरला स्पष्ट विचारलं, आमच्यात एक भिल्ल आहे, चालेल का. तो म्हणाला, "बाई, आम्ही कोणाला काही विचारत नाही. ताटं खोलीत येतील, दाराला पडदा आहे. कोण बघतंय?" नाना म्हणाले, "बघितलंस? जगात शहाणी माणसं असतात." वहीत नाव लिहून सही केली. मी मनातल्या मनात मुक्ताईला हात जोडले.

सामान घ्यायला खाली आलो तर अमीन टांग्यातून खाली उतरून उभा. म्हणाला, "नाना, मघापासून सांगू का नको करत होतो. मला वाटलं तुम्हाला पसंत पडायची नाहीच. ही जागा कोणाची, ठाऊक आहे ना? दारूच्या ठेकेदाराची. त्याच्याच दुकानापुढे तुमचा मुलगा आडवा पडला होता. मी होतो तिथे, डोळ्यांनी बघितलं. त्याच्या नोकरांनी मुलाला लाथा घातल्या, मग पोलीस आले."

नाना जागच्या जागी उभे राहिले. मीही. लाथा घातल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पोटच्या पोराला रस्त्यात लाथा घातल्या आणि नऊ महिन्यांनी मला ते टांगेवाल्याकडून कळतं. मी भर रस्त्यात नवऱ्याला म्हटलं, "खटल्याला आला असता तर ठेकेदाराचं नाव कळलं असतं. कपाळकरंट्यासारखं त्याच्या झोपाळ्यावर बसायची वेळ आली नसती." आजवर असं बोलले नव्हते. नाना वर गेले, वहीतलं नाव खोडून आले, आणि टांग्यात मागे तोंड करून बसले.

थोड्या वेळाने अमीन म्हणाला, "माझ्या खालेची सराई आहे. कापसाच्या गाड्या येतात तिथे. जागा साधी आहे, पण कोणी कोणाला हाकलत नाही." नानांनी खाला म्हणजे कोण ते विचारलं. अमीन म्हणाला, "मावशी. हसीनाबी." नानांनी डोळे मिटून घेतले. मीच म्हटलं, "चल."

सराई म्हणजे मोठं अंगण, तीन बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीपुढे पडवी आणि पडवीत चूल. अंगणात सुटलेल्या गाड्या, बैल रवंथ करताहेत, सगळीकडे सरकीचा आणि शेणाचा वास. हसीनाबी बाजेवर बसून सुपारी कातरत होती. म्हणाली, "कमरा आहे, चूल आहे, विहीर आहे. आपलं आपण शिजवा, आपलं आपण खा. कोण आला, कोण गेला, मी विचारत नाही." मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण नानांचे सवाल सुरू. आधी खोलीत कोण राहिलं होतं? चुलीवर काय शिजलं होतं? विहिरीवर कोण येतं? छप्पर गळतं का? म्हातारीने दहा सवाल ऐकले आणि अडकित्ता खाली ठेवला. "भाऊ, राहायचं आहे की विकत घ्यायची आहे?"

जागा ठरली. ठरली म्हणजे दुसरी उरलीच नव्हती. मी खोली झाडली, सारवली, चूल फोडून नवी मांडली, कारण जुनीवर काय शिजलं असेल ते देवाला ठाऊक. नाना नदीवर जाऊन दोन हंडे पाणी घेऊन आले. आणि मग माझ्याशेजारी बसून काय विचारतात? "दोन पानांत किती अंतर असलं म्हणजे पंगत तुटते?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

म्हणाले, "पंगत एकच असली पाहिजे, असं त्याने लिहिलं आहे. अंतर किती ते लिहिलेलं नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस दिवसभर खिडक्या बघत नव्हता. त्याला अशी जागा पाहिजे होती, जिथे मुलाचं कार्डही खरं होईल आणि आपली माळही शाबूत राहील. मी म्हटलं, "आपल्या लग्नात तुमचे काका रुसून चार हात लांब बसले होते, तेव्हा कोणी पंगत तुटली म्हणालं नाही." चिडून म्हटलं होतं हो मी. पण नानांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं.

सकाळी अमीन वेळेवर आला. फाटक उघडलं, पाच-सहा जण बाहेर आले, आणि त्यातला कोणता माझा ते मला पटकन कळेना. गालफडं बसलेली, केस कातरलेले. तो "माय" म्हणाला तेव्हा कळलं. मी त्याला पोटाशी धरला आणि इतकी रडले की शिपाईसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. नाना टांग्याजवळ उभे होते. तोता जाऊन त्यांच्या पाया पडला. नानांनी विचारलं, "थंडी वाजत होती का आत?" नऊ महिन्यांनी मुलगा भेटला आणि एवढंच विचारलं. तोता म्हणाला, "वाजायची." मग नानांनी घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. तिची टोकं गळ्यापाशी ओढून नीट केली. ते मी बघितलं, आणि मला थोडी दयाही आली.

हिलाल मागे उभा होता. काळासावळा, रुंद खांद्यांचा, अंगावर अपुरी बंडी. मी जवळ बोलावलं तर म्हणाला, "माय, माले बठ्ठं चालस. तुम्ही भांडू नका म्हणजे झालं." म्हणजे त्याला सगळंच चालणार होतं. तोताने त्याला तुरुंगात बापाबद्दल काय काय सांगितलं असेल कोण जाणे.

सराईत येऊन मी कामाला लागले. अमीनने कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या आणून दिल्या, त्यांच्या जाळावर वांगी भाजली, भरीत केलं, कांदा-लसणाशिवाय होतं तसं. ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या भाकरी थापायला घेतल्या. तोता आणि हिलाल विहिरीवर आंघोळ करत होते, आणि नाना पानं मांडत होते. पुरुषाने पानं मांडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, म्हणून काही बोलले नाही. बघितलं नीट ते भाकरीची टोपली घेऊन आत गेल्यावर. दोन पाट खोलीत भिंतीला लागून. मग चार हात मोकळी जमीन, मग उंबरा, आणि उंबऱ्याबाहेर पडवीत तिसरा पाट, नानांचा. एका ओळीत. दोरी लावून सरळ केलेले.

तोता आला, उभा राहिला. पाटांकडे बघितलं. "नाना, हे काय?"

"एक ओळ आहे," नाना म्हणाले. "छप्परही एकच आहे. बघ."

"मधे उंबरा आहे."

"उंबऱ्याने काय होतं? घरात आपण बसत नाही का आत-बाहेर?"

"मी अशी पंगत म्हटली नव्हती. तुम्हाला ठाऊक आहे मी काय म्हटलं होतं."

"पंचवीस वर्षांची माळ आहे, तोता. तू एक दिवसात तोडायला सांगतोस?"

"माळ तोडा म्हणत नाही. फक्त इकडे येऊन बसा म्हणतो."

"तेच ते."

"तेच ते असेल तर राहू द्या," तोता म्हणाला, आणि खुंटीवरची आपली पिशवी घेतली. "हिलाल, चल. मोटार मिळेल."

हिलाल हात पुसत दारात उभा होता. तो इतकंच म्हणाला, "माले भूक लागनी शे रे." कोणाचं लक्ष नव्हतं त्याच्याकडे. बाप लेकाकडे बघत होता, लेक बापाकडे. दोघंही बरोबर, दोघंही आपापल्या नियमाला पक्के. आणि मी मधे, टोपली हातात धरून. तेव्हा मला दिसलं. पाट तीनच होते.

एका पंगतीला सगळे, असं तोताने नऊ महिने मनात घोळवलं होतं. नानांनी दोरी लावून पंगत मोजली होती. आणि दोघांनाही माझा पाट आठवला नव्हता. कसा आठवेल? मी वाढणार, सगळे उठले की चुलीपाशी बसून उरलेलं खाणार. मला स्वतःलाही आठवला नव्हता, म्हणून तर जास्त संताप आला. आदल्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. नानांनी दशमी सोडली तेव्हा मी सारवत होते, आणि नंतर राहूनच गेलं.

मी टोपली खाली ठेवली. एक ताट घेतलं, त्यात भाकरी घेतली, भरीत घेतलं, आणि त्या चार हात मोकळ्या जमिनीवर, पाटाशिवाय, मांडी घालून बसले. हिलालला म्हटलं, "ये बाबा, बस." तो येऊन माझ्या डाव्या हाताला पाटावर बसला. त्यालाही वाढून दिलं. उजव्या हाताला उंबरा आणि नानांचा रिकामा पाट. मी भाकरी मोडली आणि खायला लागले.

नवऱ्याआधी, मुलाआधी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

"हे काय करतेस?" नाना म्हणाले.

"जेवते आहे," मी म्हटलं. "तुमचं ठरलं की सांगा."

फक्त हिलालचं खाणं ऐकू येत होतं. पहिली भाकरी संपवून त्याने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "माय, तू काल जेवनी नही का?" मी मान हलवली. बाप आणि लेक दोघांनीही ते ऐकलं. तोताने पिशवी खुंटीला लावली आणि येऊन हिलालपलीकडच्या पाटावर बसला.

आता वाढायला कोणी उरलं नव्हतं. नाना पडवीत उभे होते. मग आत आले, टोपली उचलली, आणि मुकाट्याने वाढायला लागले. तोताच्या ताटात भाकरी. माझ्या ताटात भाकरी. हिलालच्या ताटावर हात क्षणभर थांबला, मग त्यालाही भाकरी वाढली, वर भरीतही वाढलं. मला वाटलं, जमलं एकदाचं. आणि पाठोपाठ कळलं की हा म्हातारा पुन्हा निसटला. वाढणारा माणूस पंगतीत धरत नाहीत. सगळे जेवून उठले की हे आपले निवांत उंबऱ्याबाहेर बसणार, माळही शाबूत, मुलगाही खूश. चेहऱ्यावर तसं समाधानही दिसायला लागलं होतं. मला हसावं की कपाळ बडवावं तेच कळेना.

आमचं जेवण झालं. मी पाणी प्यायले. हिलालने ताट पुसून घेतलं. पण तोता उठेना. हात ताटावर धरून तसाच बसून राहिला. नाना म्हणाले, "हात धुवा आता."

तोता म्हणाला, "सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, नाना. तुम्हीच शिकवलं आहे. अजून एक ताट बाकी आहे."

आणि बसून राहिला की तसाच. हिलालही हलला नाही. बोटांवरचं भरीत सुकून पांढरं पडलं. अंगणातून एक गाडी जुंपून गेली. अमीन डोकावून म्हणाला की शिरपूरची मोटार सुटायची वेळ झाली आहे. कोणी उठेना म्हणून तो परत गेला. नाना टोपली धरून उभे. मी काही म्हणणार नव्हते. माझं जे काही म्हणायचं होतं ते मी खाऊन दाखवलं होतं. मी उठले, फक्त माझं ताट उचललं आणि हिलालशेजारची जागा मोकळी केली.

नाना खाली बघत म्हणाले, "मी त्या दिवशी चावडीवर बोललो ते तुला कोणी सांगितलं असेल."

"सांगितलं," तोता म्हणाला.

"चुकलं माझं."

एवढं म्हणाले आणि आले. पडवीतला पाट तिथेच राहिला. माझ्या जागी जमिनीवर बसले, हिलालच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. हिलालने अंग चोरून घेतलं, तर म्हणाले, "राहू दे, बस नीट." मी ताट पुढे ठेवलं, भाकरी वाढली. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसंच गळू दिलं.

तोता कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग सुकलेला हात ताटाला घासून म्हणाला, "माय, अर्धी भाकरी दे." हिलाल म्हणाला, "मालेबी." मी चुलीवर पुन्हा तवा ठेवला. त्या तिघांना एका ओळीत बसलेलं बघून मला इतका आनंद झाला, आणि इतका राग आला की एवढ्याशा गोष्टीसाठी नऊ महिने माझा जीव जाळला, की पहिली भाकरी मी करपवली. ती नानांनाच वाढली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली.